मेक्सिकोंतील कंदुकक्रीडकांच्या मृण्मयी मूर्ती व त्यांचें प्रामाण्य

मेक्सिको व मध्य अमेरिका या प्रदेशांतील प्राचीन लोकांचा रबरी चेंडूचा खेळ आतां जगभर ऐकून माहीत झाला आहे. या खेळाचे गडी मातींत घडवून भाजलेल्या लहानमोठ्या मूर्ती यूरोप-अमेरिकेंतील बहुतेक मोठ्या संग्रहालयांत व पुष्कळ खासगी संग्रहांत आहेत. त्यांचीं उत्तम छायाचित्रें देणारे ग्रंथहि थोडेथोडके नाहींत. या मूर्तींच्या आधारानें तो खेळ, तो खेळणारे लोक, त्यांचा धर्म, त्यांतील नरबलि व स्त्रियांचें स्थान, इतक्या गोष्टींविषयीं विधानें केलीं जातात कीं, वीतभर उंचीची मातीची बाहुली एवढा भार सोसते तरी कशी, असा प्रश्न पडावा. प्रस्तुत लेखांत या मूर्तींचें सौंदर्य वर्णन करण्याचा आमचा हेतु नाहीं. साक्षीदार म्हणून त्या कितपत विश्वसनीय आहेत, कोणत्या प्रश्नावर त्यांची साक्ष घ्यावी व कोणत्या प्रश्नावर घेऊं नये, एवढेंच पाहावयाचें आहे. विषय दूरदेशींचा खरा. परंतु दप्तरांतून सुटलेला एकटा कागद हातीं आला म्हणजे त्याचें काय करावें, ही अडचण ज्यांच्या नित्य परिचयाची आहे, त्यांस हा विवाद परका वाटणार नाहीं.

प्रथम खेळाविषयीं जें निश्चित आहे तें सांगतों. चेंडू भरीव रबराचा असे. त्या प्रदेशांत होणाऱ्या एका झाडाच्या चिकांत रात्रीं फुलणाऱ्या एका वेलीचा रस मिसळला म्हणजे ठिसूळ न होणारें, उसळणारें रबर तयार होतें. या प्राचीन कृतीचा शास्त्रीय उलगडा १९९९ सालीं प्रसिद्ध झाला. व्हेराक्रूझ प्रांतांतील एल मनाती येथील पाणथळ झऱ्यांत असे चेंडू प्रत्यक्ष सांपडले असून त्यांतील जुने इ. स. पू. १६०० च्या सुमाराचे आहेत. चियापासच्या किनाऱ्यालगत पासो दे ला आमादा येथें सुमारें ८० मीटर लांबीचें मातीच्या बांधांचें क्रीडांगण उघडकीस आलें; तें इ. स. पू. १६५० च्या सुमाराचें मानलें जातें. पुढील तीन सहस्र वर्षांत अशीं क्रीडांगणें शेंकड्यांनीं बांधलीं गेलीं. चेंडू मुख्यतः कमरेच्या हाडानें टोलवावा, हाताचा उपयोग करूं नये, हा त्यांतील सर्वांत प्रसिद्ध प्रकार होय. मेक्सिकोच्या सिनालोआ प्रांतांत ‘उलामा’ या नांवानें तो अद्यापि खेळला जातो व त्याचा चेंडू वजनानें तीन ते चार किलो भरतो. एवढा जड गोळा कमरेवर घ्यावयाचा म्हणजे जाड पट्टा हवाच. आणि हा पट्टाच मूर्ति ओळखण्याची मुख्य खूण ठरला आहे.

लेखी पुराव्यांतहि या खेळाचा उल्लेख आहे. १५२९ सालीं ख्रिस्टोफ वाइडिट्झ या जर्मन कलावंतानें स्पेनमध्यें, कोर्तेस यानें सम्राटापुढें आणलेल्या मेक्सिकन खेळाडूंचें चित्र काढिलें; त्याचें हस्तलिखित न्यूरेंबर्ग येथें आहे. सोळाव्या शतकांत तयार झालेल्या मेन्दोसा पोथींत तोचतेपेक प्रांताच्या खंडणींत १६,००० रबरी गोळे मांडलेले आहेत. ग्वातेमालांतील किचे लोकांच्या ‘पोपोल वूह’ या पुराणग्रंथांत दोन जुळे वीर पाताळांतील देवतांशीं चेंडू खेळतात. त्याची उपलब्ध जुनी प्रत फ्रान्सिस्को हिमेनेस या धर्मोपदेशकानें १७०१ ते १७०३ च्या दरम्यान केली व ती हल्लीं शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयांत आहे. वाचकांनीं येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. हीं तिन्ही साधनें स्पॅनिश लोक आल्यानंतरचीं आहेत, आणि ज्या मूर्तींचा आपण विचार करणार त्यांतील जुन्या मूर्ती या साधनांहून तीन सहस्र वर्षांनीं वडील आहेत.

आतां मूर्तींकडे वळूं. मिचोआकान प्रांतांतील एल ओपेन्यो येथील थडगीं इ. स. पू. १५०० च्या सुमाराचीं होत. तेथें १९३८ सालीं एदुआर्दो नोगेरा यांनीं काम केलें व पुढें १९७० सालीं आर्तुरो ओलिव्हेरोस यांना एका थडग्यांत खेळाडूंच्या मूर्तींचा संचच मिळाला. त्यांच्या जोडीला स्त्रियांच्याहि मूर्ती होत्या. त्या खेळ पाहाणाऱ्या असाव्या, असें सुचविलें गेलें आहे. मेक्सिको शहराच्या पश्चिमेस त्लातिल्को येथें १९३० नंतरच्या दशकांत वीटभट्टीवाले माती खणतांना मूर्ती निघूं लागल्या; मिगेल कोव्हारूबियास या चित्रकार-संग्राहकाचें लक्ष तिकडे गेलें आणि १९४२ सालीं शास्त्रीय उत्खनन सुरू झालें. येथील खेळाडू लहान असून त्यांच्या कमरेस जाड पट्टा, एका गुडघ्यास वा हातास वेष्टन व क्वचित् तोंडावर मुखवटा दिसतो. पश्चिमेकडील हालिस्को, नायारित व कोलिमा या प्रांतांतील विहिरीसारख्या खोल थडग्यांतून मोठ्या, पोकळ मूर्ती निघतात. त्यांत चेंडू हातांत धरलेला गडी वारंवार आढळतो. नायारितच्या कुंभारांनीं तर प्रेक्षकांनीं भरलेलें आख्खें क्रीडांगण मातींत उठविलें आहे. सर्वांत नाजूक कारागिरी मात्र माया लोकांची. कांपेचे किनाऱ्यालगतच्या जैना बेटावर इ. स. ६०० ते ९०० या काळांतील दफनांबरोबर ज्या मूर्ती ठेविल्या गेल्या, त्यांत रुंद जाड पट्ट्याचे, एक गुडघा टेंकून चेंडूची वाट पाहाणारे खेळाडू आहेत. कांहींवर निळ्या रंगाचा अंश अजून टिकला आहे, आणि कित्येक मूर्ती शिट्ट्या वा खुळखुळे म्हणूनहि वाजतात.

अशा मूर्तींची साक्ष कोठें निर्विवाद उपयोगीं पडली, याचीं दोन उदाहरणें आम्ही देतों. पहिलें उदाहरण दगडी जोखडांचें. व्हेराक्रूझच्या किनारी प्रदेशांत घोड्याच्या नालाच्या आकाराचीं, कोरीव कामानें भरलेलीं जड दगडी जोखडें पूर्वींपासून सांपडत आलीं. बळी देतांना माणसाची मान दाबून धरण्याचें तें साधन असावें, अशी समजूत दीर्घकाळ चालू होती. न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयांतील गॉर्डन एकहोल्म यांनीं १९४६ सालीं या समजुतीस हरकत घेतली. मूर्ती व कोरीव शिल्पें यांतील खेळाडूंच्या कमरेस जो जाड पट्टा दिसतो त्याचा आकार आणि जोखडाचा आकार एकच आहे, हें त्यांनीं दाखविलें. १९४९ सालीं ताडपत्राच्या आकाराच्या व चपट्या मस्तकाच्या आकाराच्या दगडांचाहि त्यांनीं त्याच खेळाशीं संबंध जोडला. प्रत्यक्ष खेळांत दगड बांधीत कीं चामड्या-लांकडाचा पट्टा बांधून दगडी प्रत समारंभापुरती ठेवीत, याविषयीं मतभेद आहे; पण जोखड कमरेचें, मानेचें नव्हे, हा निर्णय टिकला. यांत मूर्तीला विचारलेला प्रश्न तिच्या आंवाक्यांतला होता: ‘तूं काय नेसली आहेस?’ कुंभारानें जें डोळ्यांनीं पाहिलें तें त्यानें घडविलें, आणि तेवढेंच अभ्यासकानें मागितलें.

दुसरें उदाहरण अधिक बोधप्रद आहे. ओआहाकाच्या डोंगराळ मिश्तेका प्रदेशांत एत्लातोंगो नांवाचें प्राचीन गांव आहे. हा खेळ सखल किनाऱ्यावर जन्मला व वाढला आणि डोंगरी लोकांनीं तो मागाहून उचलला, असा समज रूढ होता. जेफ्री ब्लॉमस्टर यांनीं २०१२ सालीं एत्लातोंगोच्या उत्खननांतील खेळाडूची एक मूर्ति प्रसिद्ध केली. मूर्ति लहान व भंगलेली. बाजारांत तिच्याकडे कोणी फिरकला नसता. परंतु ती कोणत्या जागेंतून, कोणत्या थरांतून निघाली हें नोंदलेलें होतें, म्हणून त्या डोंगरांत इतक्या प्राचीन काळीं खेळाडूची कल्पना पोहोंचली होती एवढें तिनें सिद्ध केलें. पुढें त्याच स्थळीं प्रत्यक्ष क्रीडांगण उघडें झालें. २०२० सालीं ब्लॉमस्टर व व्हिक्तोर सालासार चावेस यांनीं त्यांतील जुनें क्रीडांगण इ. स. पू. १३७४ च्या सुमाराचें म्हणून जाहीर केलें. एका फुटक्या बाहुलीनें जी सूचना दिली होती ती जमिनीनें खरी केली. ज्यांच्या सौंदर्यावर पृष्ठेंच्या पृष्ठें लिहिलीं गेलीं अशा शेंकडों अभंग मूर्ती एकत्र केल्या तरी हा निर्णय लागला नसता, कारण त्या कोठून आल्या हें त्यांस सांगतां येत नाहीं.

येथून आमच्या आक्षेपांस आरंभ होतो. पहिला आक्षेप स्थानहीनतेचा. पश्चिम मेक्सिकोंतील खोल थडगीं एवढीं लुटलीं गेलीं कीं, त्या मूर्तींविषयींचें ज्ञान दीर्घकाळ जवळजवळ सर्वस्वीं विक्रेत्यांच्या हातून आलेल्या वस्तूंवर उभें होतें. १९९३ सालीं हालिस्कोंतील हुइत्सिलापा येथें न फोडलेलें थडगें शास्त्रज्ञांच्या हातीं लागलें. दोन कक्ष, सहा मृत व्यक्ति आणि त्यांच्याभोंवतीं जेथल्या तेथें ठेवलेल्या वस्तु, त्यांत खेळाडूंच्या मूर्तीहि. मूर्ति कोणाच्या जवळ ठेविली, त्याचें वय काय, त्याच्या अंगावर काय होतें, हे प्रश्न विचारण्याची सोय तेथें प्रथमच झाली. तत्पूर्वीं ‘ही मूर्ति थडग्यांतील आहे’ असें म्हणणें म्हणजे ‘हा कागद कोणत्यातरी दप्तरांतील आहे’ असें म्हणण्यासारखें होतें.

जैनाचीहि तीच कथा. बेटाचें नांव शैलीस पडलें आणि मग शैलीचें नांव व्यापाऱ्यांनीं कोणत्याहि नाजूक माया मूर्तीस चिकटविलें. वास्तविक तशा मूर्ती कांपेचे व ताबास्कोच्या किनाऱ्यावर अन्यत्रहि, उदाहरणार्थ होनूता येथें, निघतात. ‘जैना’ हा शब्द चिठ्ठीवर वाचून त्यावरून जैना बेटावरील दफनविधीविषयीं अनुमान काढणें म्हणजे विक्रेत्याच्या शब्दास इतिहासाचें प्रमाण मानणें होय. शिवाय या मूर्तींत पुष्कळदां चेहरा साच्यांतून काढलेला व शरीर हातानें घडविलेलें असतें. असें असतां एखाद्या मूर्तीच्या मुद्रेवरून ‘हा अमुक स्वभावाचा प्रत्यक्ष पुरुष होय’ असें रसभरित वर्णन करणाऱ्यांनीं, त्याच साच्यांतून निघालेले दुसरे चेहरे कोणत्या शरीरांवर बसले आहेत याचा आधीं शोध करावयास नको काय?

दुसरा आक्षेप बनावटीचा. मेक्सिकोंतील खोट्या प्राचीन वस्तूंच्या व्यापाराविषयीं विल्यम हेन्री होम्स यांनीं १८८६ सालींच इशारा दिला होता. लेओपोल्दो बात्रेस यांनीं १९१० सालीं या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तरीहि सर्वांत मोठा धडा पुढें मिळावयाचा होता. १९७४ सालीं व्हेराक्रूझमध्यें ब्रीहिदो लारा यास प्राचीन वस्तु चोरल्याच्या आरोपावरून अटक झाली. तज्ज्ञांनीं त्या वस्तु अस्सल ठरविल्या. त्या आपणच घडविल्या, हें सिद्ध करण्यासाठीं लारा यानें तुरुंगांत माती मागवून तशाच मूर्ती करून दाखविल्या व १९७५ सालीं त्याची सुटका झाली. पुढें हालापा येथील संग्रहालयानें त्यास दुरुस्तीच्या कामावर घेतलें, आणि त्याच्या हातच्या मूर्ती परदेशांतील नामांकित संग्रहालयांतहि जाऊन बसल्याचें उघड झालें. यांतील खरी हानि केवळ खोटी वस्तु खरी ठरली एवढीच नव्हे. एका कुशल हातानें बऱ्याच मूर्ती केल्या म्हणजे त्या मूर्तींवरूनच शैलीचीं लक्षणें बांधलीं जातात, आणि मग त्या लक्षणांच्या कसोटीस खरी मूर्ति उतरली नाहीं तर तीच संशयित ठरते. बनावट सनदेवरून अक्षरवटिका शिकलेला मनुष्य अस्सल सनद नाकारील, तशांतला हा प्रकार होय.

यावर शास्त्रीय कसोट्या आहेत, असें उत्तर मिळतें. आहेत, आणि त्या उपयुक्त आहेत. भाजलेली माती पुनः तापविली असतां निघणारा क्षीण प्रकाश मोजून ती शेवटीं केव्हां भाजली गेली याचा अंदाज करितां येतो. थडग्यांतील प्रेतांवर वाढणाऱ्या माशांच्या कोशांचे ठसे मूर्तीच्या पृष्ठावर शोधण्याची पद्धति रॉबर्ट पिकरिंग यांनीं पश्चिम मेक्सिकोच्या मूर्तींस लावून दाखविली. तसे ठसे नकली करणें कारागिरास सोपें नाहीं. परंतु या कसोट्यांनीं मूर्ति जुनी आहे एवढेंच ठरतें. ती कोणाच्या उशाशीं होती, तिच्या शेजारीं काय होतें, हें कोणतेंहि यंत्र सांगत नाहीं. लुटारूची कुदळ जें मोडते तें प्रयोगशाळेस जोडतां येत नाहीं.

तिसरा आक्षेप अर्थ लावण्याच्या रीतीवर आहे, आणि तो चांगल्या विद्वानांनाहि लागू पडतो. ‘पोपोल वूह’ हाताशीं असल्यामुळें कोणतीहि खेळाडूची मूर्ति दिसली कीं ती जुळ्या वीरांपैकीं एक, तिच्या हातांतील गोळा म्हणजे सूर्य किंवा तोडलेलें मस्तक, आणि तिचा खेळ म्हणजे मृत्यूशीं झगडा, असें लिहिण्याचा प्रघात पडला आहे. माया लोकांच्या शिल्पांत व भांड्यांवरील चित्रांत या कथेचे जुने धागे आहेत, हें आम्हांस मान्य आहे. माया मूर्तीविषयीं बोलतांना त्या कथेचें साहाय्य घेणें अयोग्य नव्हे. पण एल ओपेन्यो व त्लातिल्को येथील लोक माया नव्हते, आणि कथेच्या उपलब्ध प्रतीपूर्वीं तीन सहस्र वर्षें ते होऊन गेले. त्याचप्रमाणें एल ताहिन व चिचेन इत्सा येथील क्रीडांगणांच्या भिंतींवर खेळाडूच्या बळीचे देखावे कोरलेले आहेत खरे. परंतु ते राजसत्तेनें उभारलेल्या विशिष्ट इमारतींवर, विशिष्ट शतकांत कोरलेले आहेत. बहुतेक मृण्मयी खेळाडू नुसते उभे आहेत, गुडघा टेंकून आहेत, किंवा चेंडू हातांत धरून आहेत. त्यांच्या मानेवर सुरी टेंकविण्याचा अधिकार आम्हांस कोणीं दिला? भंगलेल्या मूर्तींचीं मस्तकें मुद्दाम तोडलीं, असें म्हणणाऱ्यांनींहि मातीच्या मूर्तींत मान हीच सर्वांत नाजूक जागा असते, हें विसरूं नये.

या खेळाच्या नांवाचाच प्रकार पाहा. माया लोक यास ‘पोक-ता-पोक’ म्हणत, असें अनेक पुस्तकांत सांपडतें. हा शब्द १९३२ सालीं फ्रान्स ब्लॉम यांच्या निबंधामुळें रूढ झाला. प्राचीन माया लेखांत वाचला गेलेला शब्द मात्र ‘पित्स’ असा आहे. एकदां छापलेला शब्द उतारकऱ्यांच्या हातून पुढें चालतो; तसाच एकदां लावलेला अर्थहि.

इतके आक्षेप घेतल्यावर या मूर्ती टाकाऊ आहेत असा आमचा निष्कर्ष आहे, असें कोणी समजूं नये. त्लातिल्को येथें दगडी क्रीडांगण मिळालेलें नाहीं; मूर्ती नसत्या तर तेथें हा खेळ माहीत होता हें आपणांस कळलेंहि नसतें. खेळ कोठवर पसरला, गडी काय बांधीत, कोणतें अंग झांकीत, सामान्य खेळाडूचा वेष व दरबारी खेळाडूचा थाट यांत भेद होता कीं काय, या प्रश्नांवर मूर्तींइतका जुना व विपुल साक्षीदार दुसरा नाहीं. मात्र साक्षीदारास जबानी देण्यापूर्वीं आपलें गांव सांगावें लागतें.

हस्तलिखितांच्या संग्राहकांस हें तत्त्व नवें नाहीं. वर उल्लेखिलेल्या मेन्दोसा पोथीचाच प्रवास पाहा. फ्रेंच भूगोलज्ञ आंद्रे तेव्हे यानें तीवर आपली सही केली व दोन ठिकाणीं १५५३ हें सालहि घातलें; तेथून ती इंग्लंडांत हॅक्लूट, पर्चस व सेल्डन यांच्या हातीं फिरत १६५९ सालीं ऑक्सफर्डच्या बॉडली ग्रंथालयांत पोहोंचली. मालक बदलले, देश बदलला, पण मालकांचीं नांवें पोथीबरोबर राहिलीं. म्हणून तींतील १६,००० रबरी गोळ्यांच्या आंकड्यावर आज अभ्यासक विसंबूं शकतो. मातीच्या मूर्तीवर सही करण्याची चाल नव्हती. तिची सही म्हणजे तिच्या सभोंवतालची माती. आणि बाजारांत येण्यापूर्वीं तीच प्रथम धुवून टाकिली जाते.

योगायोग असा कीं, मेक्सिकोनें प्राचीन अवशेष राष्ट्राच्या मालकीचे ठरविणारा आपला कडक कायदा आणि आपल्या देशानें पुरावस्तूंविषयींचा कायदा, हे दोन्ही १९७२ सालींच केले. कायद्यानें निर्यात थांबते. ज्ञानाची चोरी थांबण्यास संग्राहकाची बुद्धि पालटावी लागते. त्यासाठीं आमची मागणी तीन कलमांत सांगतां येईल. प्रत्येक वर्णनसूचींत उत्खननांतील मूर्ती व बाजारांतून आलेल्या मूर्ती यांचे वेगळे विभाग असावेत. बाजारी मूर्तीचें नांव शैलीवरून दिलें असल्यास ‘शैली’ हा शब्द गाळूं नये. आणि कोणतेंहि नवें विधान प्रथम पहिल्या विभागावर उभें राहतें कीं नाहीं हें पाहावें. तेथें उभें राहत नसेल तर दुसऱ्या विभागांतील शंभर सुंदर मूर्तींनीं त्यास टेंका देऊं नये.

या नियमांनीं कित्येक ग्रंथांतील सुरस प्रकरणें आंखूड होतील, हें आम्हांस ठाऊक आहे. तरीहि जें उरेल त्यावर पुढच्या पिढीस इमारत चढवितां येईल. एत्लातोंगोच्या त्या भंगलेल्या खेळाडूचें मोल त्याच्या रूपांत नव्हतें. तो जेथें पडला होता तेथेंच तो कोणीतरी पाहिला व लिहून ठेविला, यांत होतें.